ऑपरेशन झाले, तरी तपासणी सोडू नका

आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी जिना चढताना धापा टाकू लागली. लहानपणी तिच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. "तेव्हाच बरी झाली, मग डॉक्टरकडे गेलोच नाही," अम्मी म्हणाल्या. खरे कारण मागाहून कळले. उद्या निकाहाची बोलणी होताना बोभाटा नको!

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात आजारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असते आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. ऑपरेशनमध्ये छिद्र बुजवतात, वाट रुंद करतात. पण त्यात तिथली झडप, म्हणजे पल्मोनरी व्हॉल्व्ह, बऱ्याचदा निकामी होते. पुढे गेलेले रक्त मागे परतते आणि उजवा कप्पा हळूहळू फुगत जातो. अनेक वर्षे काहीच जाणवत नाही, म्हणूनच नियमित तपासणी हवी.

पूर्वी नवी झडप बसवायला पुन्हा छाती उघडावी लागे. २००० साली पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बोनहोफर यांनी १२ वर्षांच्या मुलाला छाती न उघडता झडप बसवली. यात सहसा मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि धातूच्या जाळीत शिवलेली झडप जागेवर नेऊन उघडतात. मात्र प्रत्येकाच्या हृदयाची ठेवण यासाठी योग्य असतेच असे नाही. ही झडप जन्मभर टिकत नाही आणि तिला जंतुसंसर्गाचाही धोका असतो. दातांतले जंतू रक्तावाटे तिथवर पोचतात, म्हणून मिस्वाक असो वा ब्रश, दात स्वच्छ ठेवायलाच हवेत.

बोनहोफर यांची झडप गुरांच्या मानेच्या शिरेतली होती. आज काही झडपा डुकराच्या हृदयावरील आवरणापासूनही बनतात. मनात शंका असेल तर कोणती झडप आहे, दुसरा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे आणि जाणत्या मुफ्तींचा सल्ला घ्यावा. जीवाच्या मजबुरीत शरीअतने सवलत ठेवली आहे. शंकेपायी इलाज मात्र लांबवू नये. इलाज करून घेण्याची शिकवण खुद्द प्रेषितांनी (स.) दिली आहे.

आणि निकाहाचे म्हणाल, तर गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. लपवलेला आजार नेमका तेव्हा डोके वर काढतो. मुलीची फाइल जपून ठेवा आणि सासरी आधीच सांगा.

आमच्या त्या विद्यार्थिनीचा इको काढला, तेव्हा झडप गळत असल्याचे कळले. आता अम्मी स्वतः तिला तपासणीला नेतात.