एक प्रत दुसऱ्या छपराखाली



शेतकरी पुढच्या पेरणीचे बी राखून ठेवतो, आणि जाणता शेतकरी ते सगळे एकाच घरात ठेवीत नाही. थोडे भावाच्या घरी, थोडे सोयऱ्याकडे. एक घर जळाले तरी पेरणी चुकू नये, हा त्यातला हिशेब. संगणकाच्या जगात ह्याच हिशेबाला 'बॅकअप' म्हणतात. आपण त्याला राखीव प्रत म्हणू. फोनमधल्या चार छायाचित्रांची राखीव प्रत काढणे सोपे आहे. पण साठाच डोंगराएवढा असला म्हणजे काय करायचे?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. विजेच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असता त्यांतून ती भडकली. तिथे 'जी-ड्राइव्ह' नावाचे सरकारी कागदपत्रांचे एक मोठे कोठार होते. सुमारे सव्वा लाख सरकारी नोकर त्यात आपले काम ठेवीत. काही खात्यांत तर कागद दुसरीकडे ठेवायचेच नाहीत, असा नियम होता. ते सारे, ८५८ टेराबाइट, जळून गेले. इतर अनेक यंत्रणांच्या प्रती अन्यत्र होत्या. ह्याची मात्र बाहेर एकही नव्हती. कारण काय सांगण्यात आले? साठा फार मोठा, आणि त्याची यंत्रणा संथ!

हे कारण खरे किती, ते आपण गणितानेच पाहू. शिक्षकबंधुभगिनींनी हे उदाहरण जरूर फळ्यावर मांडावे. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. बाइट हे माहिती मोजण्याचे माप. आपले एक देवनागरी अक्षर साठवायला साधारणतः तीन बाइट लागतात. आता सेकंदाला १० कोटी बाइट ह्या वेगाने ८५८ टेराबाइट उतरवून घ्यायचे म्हटले, तर सुमारे ८६ लाख सेकंद लागतील. म्हणजे जवळजवळ १०० दिवस! आणि तोवर लोक नवे कागद घालीतच राहणार. तेव्हा अडचण खरी आहे, खोटी नाही.

पण तिला तोड आहे. चुंबकीय फितीचे नाव ऐकून तुम्हांला जुन्या गाण्यांच्या कॅसेटची आठवण होईल. तीच फीत आता फार सुधारली आहे. २०२१ साली बाजारात आलेल्या एका जातीच्या फितीची डबी तळहाताएवढी, पण तिच्यात १८ टेराबाइट मावतात. म्हणजे ते सबंध कोठार अवघ्या ४८ डब्यांत बसले असते. एका फडताळात राहतील एवढ्याच! ह्या फितीवर सेकंदाला ४० कोटी बाइट लिहिता येतात. अशी दहा यंत्रे पूर्ण वेगाने चालली तर काम अडीच दिवसांचे.

शिवाय सगळे रोज रोज उतरवायचे नसतेच. दुकानदार दररोज जुनी खतावणी पुन्हा लिहीत बसतो का? नाही, तो त्या दिवसाची कीर्द तेवढी लिहितो. तद्वतच एकदा पूर्ण प्रत काढावी आणि पुढे रोज फक्त बदललेला भाग घ्यावा. समजा, रोज शंभरातला एक भाग बदलला, तर एक यंत्र ते काम सहा तासांत उरकील. मात्र मधली एक कीर्द हरवली तर हिशेब तुटतो, म्हणून अधूनमधून पूर्ण प्रत नव्याने काढावी लागते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. दोन यंत्रांवर एकाच वेळी तीच माहिती लिहिली जात असली की लोकांना वाटते, झाली राखीव प्रत. पण तो आरसा झाला. इकडे चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेलमध्ये आज्ञावलीतील एका दोषामुळे काही लोकांची पत्रे दिसेनाशी झाली. पत्रांच्या अनेक प्रती होत्या, पण दोषाने त्याही गाठल्या. ती पत्रे परत आणली ती यंत्रापासून सुट्या ठेवलेल्या फितींवरून.

आणि शेवटची गोष्ट. प्रत ठेवली एवढ्याने भागत नाही. ती उघडून पाहिली पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या संस्थेत एका कामगाराच्या हातून चालू माहिती पुसली गेली. राखीव प्रती शोधू लागले, तर नेहमीची प्रत बनतच नव्हती, आणि तसा इशारा देणारी पत्रेही कोणाला पोचत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून मधले सहा तासच गेले. राखलेले बी पेरणीआधी मूठभर उगवून पाहतात ना, तसेच हे आहे.

तेव्हा साठा कोरियातल्या सरकारचा असो की आपल्या शाळेच्या संगणकातल्या पटाचा, प्रश्न तीनच विचारावेत. प्रत दुसऱ्या छपराखाली आहे का? ती मूळ यंत्रापासून सुटी आहे का? आणि ती शेवटची उघडून कधी पाहिली? तिसऱ्याचे उत्तर तारखेसह देता आले, तरच प्रत आहे असे समजावे.