आजीची भाषा सोडायची कशासाठी?

बडोद्याच्या मराठी घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर गुजराती, ही पिढ्यांची वहिवाट. मूल चार-पाच वर्षांचे होईतो दोन्ही बोलू लागते आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. पण मूल स्वमग्न निघाले, त्याचे बोलणे लांबले, की पहिली कुऱ्हाड पडते ती मराठीवर! ‘एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा,’ असा सल्ला मिळतो.

माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलाच्या घरी असेच झाले. त्याची आजी सांगलीकडची. पन्नास वर्षे इथे राहूनही तिची गुजराती भाजीवालीपुरतीच. सल्ला पाळायचा म्हणून ती नातवाशी बोलेनाशीच झाली. ज्या मुलाशी बोलणाऱ्यांचा आधीच दुष्काळ, त्याचे आणखी एक माणूस कमी झाले.

आणि हे सारे कशाच्या आधारावर? माँट्रियल येथे हॅम्बली आणि फाँबोन यांनी ७५ स्वमग्न मुलांची पाहणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात, दोन भाषांत वाढणारी मुले एकाच भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा अधिक मागे पडल्याचे आढळले नाही.

ह्या मुलाला तहान लागली की तो म्हणतो, “तुला पाणी हवंय का?” नवखा माणूस गोंधळतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांच्या हकीकती लिहिल्या, त्यांतही ही ‘मी-तू’ची अदलाबदल आहेच. पाणी देणाऱ्याचे वाक्य मूल जसेच्या तसे, सुरासकट उचलते. ‘हवंय का’वरचा आजीचा चढता स्वर मी त्याच्या तोंडून अचूक ऐकला आहे. आमचे वडील राजवाड्यात गात. त्यांच्यापुढे बसून आम्हीही ताना अशाच उचलल्या, अर्थ मागाहून उमगला. अशा पुनरुक्तीमागे पुष्कळदा हेतू असतो, हे बॅरी प्रिझंट यांनी १९८१ सालीच दाखवले आहे. (गाण्याने स्वमग्नता बरी होते असे मात्र मी म्हणत नाही. तसे सांगून फी घेणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.)

आता वाणी-उपचार करणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून आजी पुन्हा बोलू लागली आहे. त्याने “तुला पाणी हवंय का” म्हटले, की ती त्याच्या वतीने “मला पाणी हवंय” म्हणते आणि लगेच पेला हातात देते. दिवसातून कितीदा तरी. ‘मला’ अजून क्वचितच येते. पण शिकवणी संपली की तो मला “आवजो” म्हणतो, आणि जिन्यात थांबलेल्या आजीला, तिच्याच सुरात, “चल घरी.”