हलत्या चित्रांची पारख

लोणावळ्याहून भुशीकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात माणसांनी इतका फुलून जातो की, ज्या धरणाच्या पायऱ्यांवर भिजण्यासाठी ही सारी गर्दी लोटते ते धरण कोणी आणि कशासाठी बांधले, याची चौकशी करण्याची उसंत क्वचितच कोणाला मिळते. बोरघाट चढून येणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने १८६० च्या दशकात ते बांधले. आणि त्याच लोहमार्गाच्या आधाराने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शेजारच्या मळवलीला राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना येऊन स्थिरावला. त्या छापखान्याची कामे करता करता धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या एका तरुण कारागिराने लोणावळ्यातच स्वतःचा मुद्रणाचा व्यवसाय थाटला, ही गोष्ट मावळातल्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागते आणि एकावर एक ठसे नेमके जुळून बसले म्हणजेच देवीच्या शालूला जर आणि चेहऱ्याला तेज चढते. एका चित्राच्या पोटात अनेक चित्रे असतात, हे फाळक्यांच्या हाताला मळवली-लोणावळ्याच्या या कामातच कळले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

कारण पुढे १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले, तेव्हा त्यांनी प्रथम हाती घेतले ते राजा हरिश्चंद्राचे आख्यान नव्हे, तर कुंडीत रुजणारा वाटाण्याचा दाणा. महिनाभराहून अधिक काळ, एका वेळी एकच चौकट टिपत, त्यांनी त्या वेलाची वाढ मिनिटा-दीड मिनिटाच्या फितीत साठवली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतल्या निर्जीव काड्यांनाही हालचाल दिली. ज्याला आज आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो आणि काही मंडळी सचेतनपट असे भारदस्त नाव देतात, त्या कलेचा मराठी मुलखातला उगम हा असा आहे. एवढ्या जुन्या कलेची पारख कोणी करायची, कोणत्या कसोटीवर करायची आणि तिला मानाचा तुरा देताना पंच कोणत्या वाटेने निर्णयापर्यंत पोहोचतात, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक दशके रीतसर उभाच राहिला नाही.

पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि डिस्नेच्या कारखान्यात मुरलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तयार झाले. तरीही सरकारदरबारी या चित्रांची वेगळी दखल नेहमीच घेतली जाई असे नाही. विजया मुळे यांचा ‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट घ्या. दूरदर्शनवर तो पाहिला नाही असे घर त्या पिढीत सापडणे कठीण. भीमसेन यांच्या रेखाटनांतली ती जाळे घेऊन उडणारी पाखरे आजही चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना तोंडपाठ आहेत. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा. शिकवण चांगली म्हणून गौरव झाला. ती शिकवण ज्या रेषेच्या चैतन्याने मुलांच्या मनात उतरली, त्या रेषेची दप्तरी नोंद स्वतंत्रपणे झाली नाही.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची परंपरा १९५४ पासूनची, आणि तिचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने पटकावले हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. या पुरस्कारांची कार्यपद्धती सरळ आहे. ज्या वर्षाचे पुरस्कार, त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या मुदतीत सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट निर्मात्याने अर्जासह दाखल करायचा. कथापटांची पहिली छाननी पाच प्रादेशिक मंडळे करतात आणि त्यांनी शिफारस केलेले चित्रपट दिल्लीत मध्यवर्ती पंचमंडळापुढे येतात. तिथे पंच एकत्र बसून चित्रपट पाहतात, चर्चा करतात, आणि मग निकालाचा कागद तयार होतो. पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटासाठी स्वतंत्र पुरस्कार ५४ व्या, म्हणजे २००६ सालच्या, पुरस्कारांपासून सुरू झाला आणि पहिला मान ‘किट्टू’ या तेलुगू चित्रपटाकडे गेला.

अमेरिकेतील अकादमीची, म्हणजे ऑस्करची, तऱ्हा निराळी आहे. अ‍ॅनिमेशनच्या लघुपटांना तिथे १९३२ पासून पुरस्कार आहे. पहिलाच डिस्नेच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ला मिळाला. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा वर्ग मात्र २००१ सालच्या चित्रपटांपासून उघडला आणि त्याचा पहिला मानकरी ‘श्रेक’ ठरला. नियमावली काटेकोर आहे: चित्रपट चाळीस मिनिटांहून मोठा हवा, त्याच्या कालावधीचा किमान ७५ टक्के भाग अ‍ॅनिमेशनचा हवा, प्रमुख पात्रांपैकी लक्षणीय संख्या सचेतन केलेली हवी, आणि हालचाल चौकटीगणिक घडवलेली हवी. नटाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल यंत्राने टिपणे, एवढ्यालाच अ‍ॅनिमेशन मानता येणार नाही, असा खुलासा २०१० साली झाला. तो मला अत्यंत योग्य वाटतो, कारण निर्जीवात प्राण ओतणे आणि सजीवाची नक्कल उतरवणे यांतला भेद त्यात राखला आहे. शिवाय लॉस एंजेलिस परगण्यात, आता आणखी काही मोजक्या अमेरिकन महानगरांतही, चित्रपटगृहात निदान सात दिवस सलग खेळ व्हावे लागतात. दिल्लीला अर्ज पोहोचला की पंच पाहणार हे ठरलेले. लॉस एंजेलिसला मात्र दाखल झालेला चित्रपट सभासदांनी पाहावा म्हणून निर्मात्यालाच खटपट करावी लागते, जाहिराती द्याव्या लागतात, खास खेळ लावावे लागतात. हा खर्च ज्याला झेपत नाही, त्याचा चित्रपट यादीत असूनही न पाहिलेला राहण्याचा धोका असतो.

ही दोन्ही दारे एकाच वर्षी ठोठावणारा एक चित्रपट आमच्या पुणे जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने घडवलेला आणि निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिल्ली सफारी’ १९ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला. बोरिवलीच्या अरण्यातला बिबट्याचा बछडा युवी, त्याची आई, बजरंगी माकड, बग्गा अस्वल आणि माणसाची भाषा बोलणारा पोपट अ‍ॅलेक्स, हे सारे जंगलतोडीची फिर्याद घेऊन थेट दिल्लीच्या संसदेपर्यंत जातात, अशी ही कथा. त्या वर्षी अकादमीपुढे पूर्ण लांबीचे २१ अ‍ॅनिमेशनपट दाखल झाले, आणि त्यांत ‘दिल्ली सफारी’ बरोबर ‘हे कृष्णा’ हा दुसरा भारतीय चित्रपटही होता. येथे एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. तेव्हा पात्र चित्रपटांची संख्या १६ किंवा अधिक भरली, तरच पाच नामांकने देता येत; संख्या कमी पडली तर नामांकनेही घटत. म्हणजे पाच जागांचे पान मांडण्यासाठी जी संख्या लागते, ती भरून काढण्यात भारतातल्या आणि इतर लहानमोठ्या देशांतल्या चित्रपटांचा वाटा होता. पानावर बसले मात्र पाचही इंग्रजी चित्रपट, आणि बाहुली ‘ब्रेव्ह’ने नेली. ‘दिल्ली सफारी’ ‘ब्रेव्ह’हून सरस होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या साधनांत आणि भांडवलात जमीन-अस्मानाचे अंतर होते. पण यादीत नाव असणे आणि नजरेखाली येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

दिल्लीने मात्र दाद दिली. ६० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे सुवर्णकमळ ‘दिल्ली सफारी’ला मिळाले, आणि समारंभाचा दिवस होता ३ मे २०१३. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला त्या ३ मे १९१३ ला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

त्या सुवर्णकमळाचे पुढे जे झाले, त्याचे मला मनापासून दुःख आहे. ७० व्या पुरस्कारांपासून या वर्गात अ‍ॅनिमेशनबरोबर दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक यांचीही सांगड घातली गेली. परिणामी २०२२ साठी ‘ब्रह्मास्त्र’ आणि २०२३ साठी ‘हनु-मान’ असे, हाडामांसाच्या नटांनी साकारलेले दोन चित्रपट मानकरी ठरले. त्यांच्या तंत्रज्ञांचे कौशल्य वादातीत आहे आणि त्यांचा गौरव व्हायलाच हवा. परंतु हजारो चौकटींतून एखादे पात्र शून्यातून उभे करणाऱ्या चित्रकाराला त्यांच्याशी एकाच तराजूत तोलणे, म्हणजे मूर्तिकाराला आणि मखर सजवणाऱ्याला एकच बक्षीस ठेवण्यासारखे आहे. लघुपटांच्या विभागात अ‍ॅनिमेशनला ७० व्या पुरस्कारांतही वेगळी जागा राहिली आणि जोशी बेनेडिक्ट यांच्या ‘अ कोकोनट ट्री’चा सन्मान झाला, हे खरे, पण मोठ्या चित्रपटाचे आसन गेले ते गेलेच.

तिसरी वाट महोत्सवांची. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट चौकटीमागून चौकट स्वतःच्या हाताने रंगवला. एकाकी वृद्धा, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरच्या चित्रांत तिला सापडणारे जग, एवढाच त्याचा ऐवज. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याने तीन पुरस्कार मिळवले. फाळक्यांनी काड्या नाचवल्या, राव यांनी पेटीवरचे चित्र जागे केले.

आणि मार्च २०२५ मध्ये लॅटव्हियासारख्या चिमुकल्या देशाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाने, ब्लेंडर नावाच्या विनामूल्य संगणकप्रणालीवर घडवलेल्या आणि एकही शब्द न बोलणाऱ्या मांजराच्या गोष्टीने, ऑस्कर जिंकले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत अकादमीने नवा दंडक घातला: अंतिम फेरीत एखाद्या वर्गासाठी मत द्यायचे, तर त्या वर्गातले सर्व नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेले असलेच पाहिजेत. हा दंडक यायला इतकी वर्षे का लागावीत, हे मला उमजत नाही. नामांकनापूर्वीच्या लांबलचक यादीचा प्रश्न त्याने सुटत नाही, तरी दार किलकिले झाले.

फाळक्यांच्या वाटाण्याच्या वेलापुढेही पंच होते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवे होते आणि पडद्यावर चित्र हलते यावर पैसा लावायला कोणी धजत नव्हते. फाळक्यांनी निवडक मंडळींना बोलावले आणि ती इवलीशी फीत दाखवली. पाहणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे होते. त्यांच्यापुढे दाणा फुटला, कोंब वर आला, वेल आधाराला बिलगत चढला. आणि ती फीत पुरती पाहून झाल्यावर त्या दोघांनी कर्ज देण्याचे कबूल केले.