एरर शून्य, तरी मोटर जळाली!

"स्क्रिप्टने काढलंय, एररही शून्य आहेत. आता आणखी काय चेक करायचं?" पॅनेल डिझाइनच्या ऑफिसात हे वाक्य हमखास कानावर पडतं. ड्रॉइंग मंजूर करून घ्यायला ते सोयीचं आहे, पण साफ चुकीचं आहे.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकल किंवा ईप्लॅनमधलं ऑटोमेशन नेमकं काय करतं? एक्सेलमधली मोटर-यादी वाचायची, प्रत्येक मोटरसाठी ठरलेलं सर्किट पानावर ठेवायचं, टॅग आणि वायर नंबर भरायचे, शेवटी टर्मिनलची यादी आणि पीडीएफ काढायची. यात वेळ वाचतो, वादच नाही. नंतरची तपासणी मात्र एवढंच बघते की एकच टॅग दोनदा आला आहे का, कॉन्टॅक्टला त्याची कॉइल सापडते का, वायरचं टोक सुटलं आहे का. मोटर जळेल का, हे तिला कोणी विचारलेलंच नसतं!

15 किलोवॅट, 415 व्होल्टची मोटर घ्या. लाइन करंट साधारण 28 अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरच्या फेजमध्ये बसवला, तर डेल्टात त्यातून लाइन करंटच्या 0.58 पटच करंट जातो. म्हणजे सेटिंग हवं सुमारे 16 अँपिअर. एक्सेलच्या रकान्यातून तिथे थेट 28 उतरलं, तर लाइनवर 48 अँपिअरपर्यंत करंट गेला तरी रिले मोटरला वाचवायला येणार नाही. ड्रॉइंग मात्र देखणं, टॅग चोख, एरर शून्य. हाताने काढताना ही चूक एखाद्या स्टार्टरपुरती राहिली असती. स्क्रिप्ट तीच 40 स्टार्टरमध्ये इमानाने उतरवते, आणि पार्ट्स लिस्टमधून भलत्याच रेंजचे 40 रिले मागवले जातात.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकलचा सर्किट बिल्डर मोटरच्या लोडवरून वायरचा आकार सुचवतो, हे खरं. पण तो सुचवतो तक्त्यावरून, आणि तक्ता भरणारा माणूसच असतो. म्हणून नव्या टेम्प्लेटचा पहिला स्टार्टर कॅल्क्युलेटर घेऊन हातानेच तपासावा, उरलेले मग खुशाल स्क्रिप्टवर सोडावेत.

"स्क्रिप्ट लिहायला प्रोग्रामिंग यायलाच हवं", हाही गैरसमजच. ऑटोकॅडची एससीआर (स्क्रिप्ट) फाइल नोटपॅडमध्ये लिहिता येते. फक्त तिथे स्पेस म्हणजे एंटर, त्यामुळे ओळीच्या शेवटी राहिलेली एक जादा स्पेस पुढच्या सगळ्या कमांडचा क्रम बिघडवते.

"स्क्रिप्टने वाट्टेल ते करता येतं", असंही नाही. ईप्लॅनची स्क्रिप्ट सी-शार्प किंवा व्हीबी डॉट नेटमध्ये लिहिता येते, पण प्रोजेक्टमधल्या डेटात खोलवर फेरफार करायचे तर त्याचा एपीआय (प्रोग्रामिंग इंटरफेस) लागतो.

"कुणाचीही लिस्प फाइल लोड केली तर काय बिघडतं?" बरंच काही. 2012 मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प भाषेत लिहिलेला 'अ‍ॅकॅड/मेड्रे' हा वर्म उघडकीला आणला. तो मुख्यतः पेरूमधल्या संगणकांवरची हजारो ड्रॉइंग ईमेलने परस्पर बाहेर पाठवत होता. अनोळखी ठिकाणची फाइल लोड होण्याआधी इशारा देणारं 'सिक्युअरलोड' हे सेटिंग ऑटोकॅडमध्ये आहे. कटकट नको म्हणून कुणी ते 0 करून ठेवलं असेल, तर आजच परत 1 करा.