खांद्यावरचा तारा : स्वयंसेवकांच्या गणवेशावरील पदचिन्हे आणि त्यांचा दर्जा



स्मरणिकेत धम्म, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर लेख येतात. त्यांच्या पंक्तीत खांद्यावरच्या पट्ट्या आणि ताऱ्यांवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, ६ डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि आपापल्या गावच्या जयंतीत आपले शेकडो तरुण-तरुणी गणवेश घालून उभे राहतात. रांगा लावणे, पाणी देणे, चुकलेले मूल आईकडे पोहोचविणे ही त्यांची कामे. या मुलामुलींच्या हाती कायद्याचा अधिकार नसतो. लोक त्यांचे ऐकतात ते केवळ गणवेशावरच्या विश्वासाने. तो विश्वास ज्या चिन्हावर टेकलेला असतो ते चिन्ह आपण बाजारात सर्वांत स्वस्त मिळेल तिथून घ्यावे, हे आम्हांस पटत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम थोडा इतिहास पाहू. ब्रिटनमध्ये १९४० च्या मे महिन्यात जर्मन आक्रमणाच्या भीतीने स्वयंसेवकांचे स्थानिक दल उभे राहिले. सुरुवातीला गणवेश पुरे पडेनात, तेव्हा दंडावर अक्षरे छापलेली कापडी पट्टी एवढीच त्यांची ओळख होती. त्याच वर्षी जुलैत या दलास ‘होमगार्ड’ हे नाव मिळाले. तेच नाव घेऊन ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात, दंगलींच्या काळात पोलिसांना मदत म्हणून, होमगार्ड संघटना स्थापन झाली. पुढे १९४७ चा मुंबई होमगार्ड कायदा आला. या कायद्याने, सेवेसाठी बोलावलेल्या होमगार्डास कर्तव्यावर असताना पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार व संरक्षण मिळते. म्हणजे होमगार्डच्या खांद्यावरील चिन्हामागे कायदा उभा आहे. आपल्या स्वयंसेवकाच्या खांद्यामागे तो नाही. हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का लक्षात ठेवावा, पुढचे सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

आपल्या चळवळीला गणवेश नवा नाही. बाबासाहेबांनी उभारलेल्या समता सैनिक दलाचे अधिवेशन जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंचा समुदाय नागपुरात लोटला तेव्हा शिस्त राखण्याचे कामही दलाच्या सैनिकांनी केले. कोणाच्या खांद्यावर किती तारे, हे त्या दिवशी कोणी मोजत बसले असेल असे वाटत नाही.

आता चिन्हांचा अर्थ. भारतीय सैन्यात लान्स नाईक, नाईक व हवालदार यांच्या दंडावर अनुक्रमे एक, दोन व तीन फिती असतात. नायब सुभेदारास एक तारा व फीत, सुभेदारास दोन तारे व फीत, सुभेदार मेजरला अशोकसिंह व फीत. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, आणि मेजरच्या खांद्यावर अशोकसिंह. इंग्रजी अमदानीत या सिंहाच्या जागी राजमुकुट होता. २६ जानेवारी १९५० नंतर सारनाथच्या स्तंभशीर्षाने त्याची जागा घेतली. तथागतांनी जेथे पहिले प्रवचन दिले तेथल्या अशोकस्तंभाचे सिंह आज देशाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर आहेत, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु याच अभिमानापोटी एक चूक सर्रास घडते. अनेक मंडळे आपल्या पथकप्रमुखांच्या खांद्यावर थेट सिंहमुद्रा लावतात. ही मुद्रा भारताचे राजचिन्ह आहे. तिचा अनधिकृत वापर रोखणारा कायदा २००५ साली झाला असून, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खासगी संस्थेने ती वापरू नये. आपल्याकडे आठ आऱ्यांचे धम्मचक्र आहे. ते सुबक आहे, लांबून ओळखू येते, आणि त्यासाठी कोणाचे काही उसने घ्यावे लागत नाही.

पोलिसांसारख्या ताऱ्यांचेही तेच. फसवणुकीच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह धारण करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ मध्ये आहे. आमच्या मुलांचा हेतू फसवणुकीचा नसतो, हे खरे. पण खाकी सदरा, तीन तारे आणि लाल-निळी फीत असा थाट पाहून एखादी म्हातारी आजी “साहेब, माझी तक्रार लिहून घ्या” म्हणाली, तर त्या मुलाने काय करावे?

हा प्रश्न मोठ्या देशांतही आला आहे. अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल नावाचे स्वयंसेवी वैमानिकांचे दल १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झाले आणि १९४८ पासून ते तेथील हवाई दलाचे अधिकृत साहाय्यक दल आहे. त्यांचा गणवेश सैन्यासारखाच, म्हणून महायुद्धात त्यांना खांद्यावर लाल पट्टी दिली, की सैनिक कोण आणि स्वयंसेवक कोण हे लगेच कळावे. पुढे हा फरक कमी होत गेला. मग १९९० मध्ये पुन्हा गडद तांबड्या रंगाच्या खांदापट्ट्या सक्तीच्या झाल्या, आणि त्या सभासदांना इतक्या खटकल्या की काही वर्षांत त्यांच्या जागी करड्या पट्ट्या आल्या. स्वयंसेवकाचे चिन्ह वेगळे असले पाहिजे, पण ते घालताना त्याला कमीपणाही वाटता कामा नये. या दोन टोकांमध्ये योग्य जागा शोधायची आहे. आमच्या मते ती कापडाच्या व कामाच्या दर्जात सापडते. साधे चिन्ह उत्तम प्रतीचे असेल, तर ते अभिमानाने घातले जाते.

आता दर्जा ओळखावा कसा ते पाहू. धातूची चिन्हे मुख्यतः पितळेच्या पत्र्यावर ठसा मारून करतात. चांगल्या ठशाच्या ताऱ्याच्या कडा धारदार दिसतात, मधली रेघ स्पष्ट असते, आणि हातात घेतल्यावर वजन लागते. हलक्या मालात पत्रा इतका पातळ असतो की अंगठ्याने दाबला तर पोचा पडतो. पांढऱ्या मिश्रधातूचे ओतीव तारे जाड दिसतात, पण त्यांतला हलका माल ठिसूळ असतो आणि खाली पडला की टोक तुटते. चकाकणारे प्लॅस्टिकचे तारे नाटकापुरते ठीक.

पितळ घामाने काळवंडते, आणि मुंबईसारख्या खाऱ्या हवेत त्यावर हिरवा कळंक चढतो. ताक पितळेत कळकते हे आपल्या घरातल्या बायांना सांगावे लागत नाही. घामाचेही असेच आहे. निव्वळ पितळेचा बिल्ला ब्रासोने, चिंचेने किंवा पितांबरीने घासला तर पुन्हा उजळतो. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्यात नोकरी केलेली मंडळी ज्यांच्या घरात आहेत त्यांनी बिल्ले घासणे पाहिलेच असेल. पुठ्ठ्याला खाच पाडून तो बिल्ल्याखाली सरकवायचा, म्हणजे कापडाला डाग पडत नाही. पण मुलामा दिलेला तारा मात्र असा घासू नये. चार वेळा घासला की मुलामा उडतो आणि खालचा धातू डोकावतो. रंगीत थर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चिन्हाला घासावेच लागत नाही. मात्र त्यावर एकदा ओरखडा पडला तर तो कायमचा. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे : हे पितळ आहे, मुलामा आहे, की ॲल्युमिनियम?

पुढची बाजू सगळे बघतात, मागची कोणी बघत नाही. खरा दर्जा मागेच असतो. तारा एकाच खिळीवर बसवला असेल तर तो फिरतो, आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या ताऱ्याचे टोक पूर्वेला तर कोणाचे पश्चिमेला. दोन कड्या किंवा दोन खिळ्या असाव्यात. मळसूत्र आणि चकती असेल तर उत्तम. साधी सेफ्टी पिन डागलेली असेल तर बोटाने हलवून पाहावी. एका वर्षी आमच्या पथकासाठी एका दुकानातून घेतलेल्या ताऱ्यांच्या पिना संचलन संपायच्या आत निखळल्या. सकाळी दोन ताऱ्यांचा असलेला गटप्रमुख दुपारी एक ताऱ्याचा झाला आणि मुले त्याला “साहेब, बढती उलटी झाली का?” म्हणून विचारू लागली. तो हसला. पण त्याच दुपारी रांगेत ढकलाढकली झाली, तेव्हा नव्या मुलांना कोणाचे ऐकायचे ते कळेना. ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

कापडी चिन्हांचे शास्त्र वेगळे. येथे टाके दाट हवेत. नखाने दोरा बाजूला केला आणि खालचे कापड दिसले, तर काम विरळ आहे. मागे बक्रम किंवा जाड अस्तर नसेल तर पहिल्या धुण्यात पट्टी आवळून होडीसारखी वळते. कडेची शिलाई घट्ट हवी, कारण उसवण्यास तिथूनच सुरुवात होते. रंगाची परीक्षा घरी होते : पांढरा रुमाल ओला करून पट्टीवर जोराने घासावा. रुमाल निळा झाला, तर पावसात सदराही निळा होणार. धम्मध्वजाचे रंग एकमेकांत मिसळलेले पाहणे हे तर आणखी क्लेशकारक.

जरीच्या कामात फसवणूक अधिक होते. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. तिच्या खालोखाल तांब्याची तार, आणि आज बहुतेक ठिकाणी मिळते ती प्लॅस्टिकच्या झिलईची जर. पैठणी घेताना आपल्या भगिनी जर खरवडून आतला धागा बघतात, तसेच येथेही करावे. स्वयंसेवकाला अस्सल जरीची गरज मुळीच नाही. पण प्लॅस्टिकच्या जरीला अस्सल जरीचे पैसे देऊ नयेत, आणि तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नये, ती आक्रसते. आमची शिफारस साध्या पॉलिस्टर दोऱ्याच्या दाट यंत्रकशिद्याची आहे. तो धुण्यात टिकतो.

धातू की कापड, हा वाद पथकांत नेहमी होतो. तरुणांना धातू आवडतो, चमकतो म्हणून. आमचे मत असे की धातू फक्त संचलनासाठी व मानवंदनेसाठी असावा. प्रत्यक्ष सेवेत पाण्याच्या पिशवीचा पट्टा त्यावर घासतो, स्ट्रेचर उचलताना तो टोचतो, आणि रडणारे मूल खांद्यावर घेतले तर ताऱ्याचे टोक त्याच्या गालाला लागते. खांद्याच्या पट्टीवर मोज्यासारखी चढवायची मऊ कापडी नळी, तिच्यावर कशिद्याने काढलेले धम्मचक्र व एक किंवा दोन फिती, एवढे पुरे. सदरा धुवायला टाकताना ती काढून ठेवता येते, त्यामुळे टिकतेही अधिक.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्हांला अनुभवाने कळली. खांद्यावरचे चिन्ह गर्दीतल्या माणसासाठी नसतेच. गर्दीत खांदा झाकला जातो, आणि मागून येणाऱ्याला तर तो दिसतच नाही. ते चिन्ह पथकातल्या पथकात उपयोगी, कोणाला विचारायचे हे कळण्यासाठी. लोकांना स्वयंसेवक ओळखू यावा म्हणून दंडावर रुंद पट्टी किंवा अंगावर एका रंगाचे जाकीट हवे, आणि रात्रीच्या कामासाठी त्यावर उजेड परतवणारी पट्टी. खरेदीच्या यादीत आधी हे लिहावे, तारे नंतर. नमुना आणल्यावर वीस पावले दूर उभे राहून तो वाचता येतो का, हे शाळकरी मुलाकडून तपासून घ्यावे.

पदेही थोडीच ठेवावीत. सैनिक एक आणि सरदार दहा, अशी काही पथके आम्ही पाहिली आहेत. चाळीस माणसांत तीन ताऱ्यांचे नऊजण! स्वयंसेवक, गटप्रमुख आणि पथकप्रमुख अशा तीन पायऱ्या पुरेशा आहेत. स्वयंसेवकास नुसते चक्र, गटप्रमुखास एक फीत, पथकप्रमुखास दोन. मुलींच्या पथकालाही हेच चिन्ह, याच मापाचे. देणगी दिली म्हणून कोणाला फीत देऊ नये, आणि माजी पदाधिकाऱ्याने ती घालू नये. चिन्ह पदाचे असते, व्यक्तीचे नव्हे.

म्हणून चिन्हे संस्थेच्या मालकीची असावीत. प्रत्येकाच्या मागे क्रमांक टाकावा, पोलिसांच्या बक्कल नंबरासारखा, आणि देताना व परत घेताना नोंदवहीत सही घ्यावी. गरिबाच्या मुलाला गणवेशाचा खर्च झेपत नाही म्हणून तो मागे राहतो, असे होऊ नये, यासाठीही ही व्यवस्था बरी. परत आलेल्या कापडी नळ्या धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. ओल्या अवस्थेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, बुरशी धरते. धातूचे बिल्ले कोरड्या सुती कापडात, एकमेकांवर घासणार नाहीत असे गुंडाळावेत. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी पेटी उघडून सर्व चिन्हे मोजावीत, म्हणजे तुटलेल्या कड्यांना डाग देऊन घ्यायला आणि कमी पडणाऱ्या नळ्या शिवून घ्यायला वेळ मिळतो.