किल्ली देऊन बाजूला होणारा मध्यस्थ

मराठीत दलाल हा शब्द चांगल्या अर्थाने क्वचितच येतो. बाजार समितीतला आडत्या मालाच्या वाटेतच बसलेला असतो, प्रत्येक गोणी त्याच्या हाताखालून जाते. २०११ मध्ये व्हीएमवेअरने आणलेल्या क्लाउड फाउंड्री या व्यासपीठातला सर्व्हिस ब्रोकर मात्र वेगळ्या जातीचा आहे. ॲप आणि डेटाबेस यांची गाठ घालून तो बाजूला होतो. त्यानंतर ॲपची एकही क्वेरी त्याच्यामधून जात नाही. त्याची भाषाही मोजकीच आहे. आपल्याकडे काय मिळते याची यादी देणे, सेवा उभी करणे, ती ॲपला बांधणे, बांधणी सोडणे आणि सेवा मोडणे, ही त्यातली मुख्य कामे. ब्रोकर आणि व्यासपीठ यांच्यातला हाच करार २०१६ च्या अखेरीस ‘ओपन सर्व्हिस ब्रोकर एपीआय’ या नावाने क्लाउड फाउंड्रीबाहेरही खुला झाला. या कामांतले सेवा उभी करणे सगळ्यांच्या नजरेत भरते, कारण एका आज्ञेत नवा डेटाबेस मिळतो. माझ्या मते ब्रोकरचे खरे मोल बांधण्या-सोडण्यात आहे, आणि डेटाबेस आधीपासून संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत असेल तर ते अधिकच जाणवते.

यावर पहिला आक्षेप साधा आणि रास्त आहे. डेटाबेस तयारच आहे, तर पत्ता आणि पासवर्ड ॲपला देऊन टाकावा, ब्रोकर लिहिण्याचा खटाटोप कशाला? क्लाउड फाउंड्रीत तशी सोय आहेही. ‘युझर-प्रोव्हायडेड सर्व्हिस’ म्हणून तपशील नोंदवला की तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून ॲपपर्यंत पोहोचतो. एक-दोन ॲप असतील तर मीही हेच सुचवीन. पण पंधरा ॲप एकाच नोंदीला जोडली की पंधरांच्या हातात एकच किल्ली येते. पासवर्ड फुटला तर कोणाकडून फुटला हे कळत नाही, आणि बदलायचा तर पंधराही ॲप नव्याने सुरू करावी लागतात. नीट लिहिलेला ब्रोकर प्रत्येक बांधणीला डेटाबेसमध्ये वेगळा युझर तयार करतो आणि बांधणी सोडताच तो काढतो. मग कोणती क्वेरी कोणाची, हे डेटाबेसच्या लॉगमधूनच दिसते.

दुसरा आक्षेप असा: कुबरनेटिस या दुसऱ्या व्यासपीठातला ‘सर्व्हिस कॅटलॉग’ हा याच करारावर उभा असलेला प्रकल्प २०२२ मध्ये बंद झाला, म्हणून ही कल्पनाच संपली असे काही जण मानतात. पण ॲपला तपशील बाहेरून पुरवायचा, कोडमध्ये कोरायचा नाही, हे तत्त्व कुबरनेटिसमध्ये आजही पाळले जाते. वाहन बदलले, एवढेच.

सर्वांत गंभीर हरकत डेटाबेस सांभाळणाऱ्यांची असते. वर्षानुवर्षे जपलेल्या डेटाबेसात एखाद्या प्रोग्रॅमला युझर घडवू-मोडू द्यायचे? ही भीती पोकळ नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचेच पाहा. ॲपने आपल्या युझरने टेबले तयार केली की त्यांची मालकी त्या युझरकडे जाते, आणि ज्याच्या मालकीच्या वस्तू आहेत असा युझर पोस्टग्रेएसक्यूएल काढू देत नाही. बांधणी सोडण्याची आज्ञा तिथेच अडते. यावर उतारा म्हणजे मालकी एका कायमच्या रोलकडे ठेवायची आणि बांधणीचे युझर त्याचे केवळ सदस्य करायचे. तसेच जोडण्यांचे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते, त्यातल्या ३ सुपरयुझरसाठी राखीव. एका ॲपच्या १० प्रती चढवल्या आणि प्रत्येकीने १० जोडण्यांचा पूल धरला, तर दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. ब्रोकर युझर बनवतानाच त्याच्यावर जोडण्यांची मर्यादा घालू शकतो. एरवी तोंडी सांगितलेला नियम त्यामुळे प्रत्येक बांधणीत न चुकता लागतो. म्हणून डेटाबेस सांभाळणाऱ्याने ब्रोकरला विरोध करण्यापेक्षा तो स्वतः लिहावा. त्याची पकड त्यातून घट्टच होते.

एक जागा मात्र डोळ्यांत तेल घालून तपासायला हवी. ‘सेवा मोडा’ ही आज्ञा नव्याने उभ्या केलेल्या डेटाबेससाठी तो पुसून टाकण्याची असू शकते. जुन्या, बाहेरच्या डेटाबेससाठी ब्रोकरने फक्त आपल्या वहीतली नोंद खोडावी, आणि त्याच्या स्वतःच्या युझरला डेटाबेस पुसण्याचा अधिकार मुळातच देऊ नये.