मडगार्ड आणि काळी माती

विलायतेत सायकलीला मडगार्ड चढवण्याचा ऋतू म्हणजे हिवाळा, कारण तेथे थंडी आणि ओल जोडीनेच येतात; आमच्या वऱ्हाडात पौषात रस्ते कोरडे ठणठणीत असतात आणि मडगार्डाची परीक्षा होते ती मृगापासून हस्तापर्यंत. त्या दिवसांत अकोल्याच्या जठारपेठेत शाळा सुटण्याच्या सुमारास उभे राहावे, म्हणजे ज्या गिअरच्या सायकली हल्ली पुष्कळदा मडगार्डावाचूनच दुकानाबाहेर पडतात, त्यांच्यावरील मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ उमटलेली दिसते. ही रेघ पाठीवरच का उमटते, याची कैफियत चाकाच्या गतीकडे मागितली पाहिजे.

टायरला लागलेला थेंब चाकाबरोबर फिरत राहावयाचा, तर त्याला सतत केंद्राकडे ओढणारे बल हवे, आणि रबराला चिकटून राहण्यापलीकडे थेंबाजवळ दुसरे भांडवल नसते. ताशी 5 किलोमीटरने, म्हणजे पायी चालत, सायकल नेली तर 28 इंची चाकाच्या कडेवरील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साधारण निम्मे भरते व थेंब बहुधा टिकतो. परंतु हे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 15 किलोमीटरला ते नऊपट, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ पाचपट होते, आणि थेंब स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. मागच्या चाकाच्या पाठीमागील कडेवरून, आसाच्या उंचीवर सुटलेला थेंब स्वाराच्या दृष्टीने सरळ वर चढतो, आणि हवेचा विरोध वगळला तर जमिनीपासून सव्वा मीटरपर्यंत पोहोचतो. त्याहून जरा वरून सुटलेले थेंब चढता चढता पुढे झुकतात, आणि त्यांच्या वाटेत स्वाराची पाठ असते. पुढच्या चाकाचा अपराध निराळा. त्याच्या मागील अंगाने, जमिनीलगत सुटलेले थेंब पायांवर आणि चेनवर येतात. म्हणून चिमट्याच्या जरा मागेच संपणारे आखूड मडगार्ड शोभेपुरते समजावे, आणि जमिनीपासून चार-सहा बोटे अंतर राहील इतका लांब रबरी पट्टा त्याच्या टोकाला जोडण्याची तजवीज करावी.

हा हिशेब झाला पाण्याचा. सायकल डांबर सोडून पांदणीत उतरली की वेगळाच अंमल सुरू होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट झिजून झालेल्या आमच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणखनिजे विपुल असून, त्यांचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात. या खनिजाच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरले सगळे पृष्ठ मोजले तर ते 700 ते 800 चौरस मीटर भरते. एवढ्या पृष्ठाला पाणी धरून बसते, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सोडियमाचे प्रमाण अधिक असल्यामुळे मातीचे कण आणखी विखुरतात. गंमत अशी, की अगदी पातळ चिखल उडून तरी जातो. पाऊस उघडून माती वाफशाकडे झुकू लागली, म्हणजे मात्र ती टायरला धरते, मडगार्डाच्या आतील अंगाला थर देते, थरावर थर चढतो, आणि शेवटी चाक फिरेनासे होते. मग स्वार खाली उतरतो, बांधावरची पऱ्हाटीची काडी मोडतो आणि चिमट्याच्या सांध्यातून काळी वडी बाहेर खेचून काढतो. पाण्याविरुद्ध केलेला बंदोबस्त येथे मातीलाच फितूर झालेला असतो!

तेव्हा टायरला बेताने लागून बसलेले मडगार्ड कितीही देखणे दिसो, ते शहराच्या हद्दीपुरतेच चांगले. चाक चिखल उचलते ते मडगार्डाच्या मागल्या, खालच्या टोकाने, आणि सोडते ते पुढल्या टोकाने. म्हणून फट मागे कमी व पुढे किंचित अधिक ठेवावी, म्हणजे आत शिरलेले ढेकूळ पाचरीसारखे आवळले न जाता मोकळे होते. पुढच्या मडगार्डाच्या तारांकडेही दुर्लक्ष नको, कारण त्यांच्यात व टायरात काटकी सापडली तर मडगार्ड दुमडून चाक जागीच अडते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. सायकल घेताना रंग नंतर पाहावा. आधी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आपला अंगठा सहज फिरतो की नाही, तेवढे पाहावे, आणि रोजची वाट काळ्या रानातून जात असेल, तर पावसाळ्यापुरते मडगार्ड पान्याने उतरवून घरी ठेवावे.